एफीला धरलेले हात

होम्स काउंटी, ओहायो
८ ऑक्टोबर

ड्रुसिला विहीणबाईंना सलोमा ट्रॉयरचा प्रभूच्या नावात सलाम.

लीवायचं पत्र काल दुपारी आलं. मी भोपळे गोळा करत होते, ते तसेच टाकले आणि टपालपेटीपाशी उभ्या उभ्याच पाकीट फोडलं. मुलगी झाली. मी दोनदा वाचलं, मग घरात जाऊन आमच्या ह्यांना, मोझना, वाचून दाखवलं. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून दाखवलं, तेव्हा रस्त्यापलीकडच्या योडरांकडेही बातमी आपोआप पोचली. तेरा नातू झाले मला, विहीणबाई. तेरा. दोरीवर वाळत घातलेल्या पोरांच्या विजारी बघून बघून डोळे थकले माझे. आणि आता एक नात झाली, तर ती कुठे, दोन हजार मैल लांब, मोंटानाच्या डोंगरात, तुमच्या दाराशी. लग्नानंतर लीवाय लाकडी घरं बांधायच्या कामासाठी तिकडे राहिला तेव्हाच मी म्हटलं होतं, हे काम इथे नाही का. असो. देवाच्या मनात होतं.

एफी हे नाव तुमच्याकडचं नाही ना? आमच्याकडचं तर नाहीच, मी चार पिढ्या आठवून पाहिल्या. सलोमा नाही ठेवलं याचं मला काही नाही. ड्रुसिला नाही ठेवलं हे वाचून मात्र मी तिथेच देवाचे आभार मानले, खोटं कशाला बोलू, आणि लगेच त्याची क्षमाही मागितली.

ती दिसते कशी, ते कळवा. लीवाय पुरुष माणूस, त्यानं वजन तेवढं कळवलं, जणू वासरू झालंय. नाक कुणाचं, कान कुणाचे, रडते कशी. तुम्ही लग्नाआधी शाळेत शिकवलंय, तुम्हाला नीट लिहिता येईल. मी चौथीत शाळा सोडून भावंडं सांभाळली, तेव्हा माझ्या चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून परत पाठवू नका.

इथले सात जण एल्क हरणं मारायला महिनाअखेरीस तुमच्याकडच्या डोंगरात येतायत. कॉनीची व्हॅन केली आहे. कॉनी म्हणजे आपल्या मंडळीतली नव्हे, बाहेरच्या सगळ्यांना आपण इंग्रज म्हणतो तशी इंग्रज बाई, पण वीस वर्षं आम्हाला दवाखान्यात नि लग्नांना नेते-आणते. बोलते फार, माझ्यापेक्षाही. तिच्या हाती गोधडी, नूडल्सची पिशवी आणि ॲपल बटरच्या सहा बरण्या देते आहे. गोधडी एफीची. ॲपल बटर सगळ्यांचं.

तुमची,
सलोमा

*

मोंटाना
१४ नोव्हेंबर

सलोमाबाईंना,

सगळं सामान पोचलं. एक बरणी फुटली होती, ती कॉनीबाईंनीच गाडीत पुसून घेतली.

एफी ठीक आहे. रात्री दोनदा उठते. केस काळसर आहेत, ते गळतील असं सुईण म्हणते. नाक कुणाचं ते अजून ठरलेलं नाही. गोधडी सुंदर आहे, टाके फार बारीक आहेत. माझी गोधडी आधीपासून पाळण्यात आहे, तेव्हा तुमची आम्ही तिच्यावरून घालतो. थंडी खूप आहे, दोन लागतातच.

कॉनीबाई अर्धा तास बसल्या. मी एफीला घेऊन खिडकीपाशी होते. त्या निघाल्या, आणि विसरलेले हातमोजे न्यायला पुन्हा आत आल्या. हातमोजे त्यांच्या हातातच होते.

बाळंतपणानंतर बार्बराची तब्येत सुधारते आहे. मी रोज सकाळी सहाला जाते ती जेवणं आटोपून परतते. मोझभावांना सलाम.

ड्रुसिला बॉन्ट्रेगर

*

होम्स काउंटी, ओहायो
९ जानेवारी

ड्रुसिला विहीणबाईंना सलाम.

नाताळ बरा गेला. सगळी मुलं-सुना जमली, तेरा नातू एका वेळी घरात म्हणजे काय ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. एकानं दुसऱ्याला गोठ्याच्या माळ्यावरच्या वैरणीच्या खिडकीतून खाली ढकललं, खाली वैरण होती म्हणून निभावलं. दोन बदकं, अकरा ॲपल पाय आणि बटाट्याचं पातेलं, सगळं फस्त. जेवताना मी म्हटलं, एक पाहुणी कमी आहे. कुणाचं लक्ष नव्हतं.

तुम्ही सहाला जाता आणि जेवणं आटोपून येता, हे मी तुमच्या पत्रात चार वेळा वाचलं. चांगलं आहे. बार्बराला मदत होते. पण आईनं इतकं करू नये की मुलीला स्वतःचं मूल न्हाऊ घालायला मिळू नये. मी आपलं सहज लिहिलं.

आणि तो निळा फ्रॉक. रंग तिला शोभतो, पण गळा आवळ शिवलाय. ट्रॉयरांची मान रुंद असते, लीवायलाही लहानपणी असाच काचायचा. हनुवटीवरची खळी तर थेट आमच्या सासूबाईंची. आणि बाळाला असं पुढे करून धरू नये, पाठीला आधार लागतो. एवढी तेरा वाढवली म्हणून सांगते.

इथे बर्फ गुडघाभर आहे. लाल गाय गाभण आहे. मोझचं गुडघेदुखीचं नेहमीचंच. एफीचा माझ्या नावानं एक पापा घ्या. एकच घ्या.

सलोमा

*

मोंटाना
६ फेब्रुवारी

सलोमाबाईंना,

पत्र मिळालं. फ्रॉकचा गळा सैल केला.

खळीबद्दल मी तुम्हाला कधी लिहिलेलं नाही. बार्बराला विचारलं, तिनंही नाही. लीवाय वजनाच्या पुढे जात नाही. निळ्या फ्रॉकबद्दलही कुणी लिहिल्याचं आठवत नाही. काही माणसं इतक्या बारकाईनं प्रार्थना करत असतील की त्यांना दिसतही असेल.

बातमी अशी की एप्रिलमध्ये आम्ही येत आहोत. लीवाय, बार्बरा, एफी आणि मी. आगगाडीनं. लीवायच्या मनात आहे की या वसंतातलं प्रभुभोजन त्यानं आपल्या जुन्या मंडळीत घ्यावं. आमच्या बिशपांनी परवानगी दिली आहे, मलाही. सात एप्रिलला तुमची तयारीची सभा आणि एकवीसला प्रभुभोजन, असं लीवाय म्हणतो. आम्ही चौदाच्या सुमारास पोचू.

तोवर मला काही विचारायचं असेल तर विचारा. सांगायचं असेल तर तेही.

ड्रुसिला

*

होम्स काउंटी, ओहायो
१८ मार्च

ड्रुसिला विहीणबाई,

सहा आठवडे मी कुणाला पत्र लिहिलं नाही. असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही. मोझनी विचारलं, हात दुखतो का. हात नाही दुखत.

आधी दुसरंच सांगते म्हणजे धीर येईल. लाल गायीला वासरू झालं, कपाळावर पांढरा ठिपका आहे. योडरांच्या थोरलीचं लग्न ठरतंय असं सगळे म्हणतात, कारण लग्नाच्या जेवणाला लागते ती सेलरीची भाजी त्यांनी यंदा दुप्पट लावायची ठरवली आहे. बास. धीर काही आला नाही.

माझ्याकडे एफीचा फोटो आहे.

गोधडी देताना मीच कॉनीच्या कानात सांगितलं होतं. आपल्यात माणसाची प्रतिमा काढत नाहीत, हे मला बोलता यायच्या आधीपासून ठाऊक. फिरायला आलेले लोक रस्त्यात आमच्या बग्गीकडे कॅमेरे वळवतात, तेव्हा सगळ्यात आधी टोपी पुढे ओढणारी मीच. कॉनी म्हणाली, सलोमा, तुला हे नक्की चालतं ना? मी म्हटलं, चालत नाही, पण तू काढ.

डिसेंबरात तिनं पाकीट दिलं. मी ते ओटच्या डब्यात ठेवलं, कारण मोझ ओटला तोंड लावत नाहीत. आधी दिवसातून एकदा बघायचे. मग सकाळ-संध्याकाळ. मग कणीक मळता मळता हात पुसून. गुडघे टेकून प्रार्थना करायचे आणि मन सगळं त्या डब्यात. मोझ एकदा म्हणाले, ‘एवढे ओट लागतात, घोडा घरात आणून बांधलायस काय?’ मी हसले आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. स्वतःला समजावायचे, आजी आहेस, लांब आहेस, देव काही एवढा कडक नाही. मोह कसा वागतो तर असा, आधी आपलीच बाजू घेऊन बोलतो, अगदी सख्ख्या बहिणीसारखा.

पण विहीणबाई, मला झोप लागत नाही ती त्यानं नाही. पुढचं लिहिते ते वाचून मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

फोटोत तुमचं तोंड नाही, तुम्ही मान वळवली आहे. पण तुमचे हात आहेत. डाव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग मी लग्नात पाहिला होता, तुम्ही माझ्या शेजारी बसून बटाटे सोलत होता. एफीकडे बघायला जावं तर आधी ते हात दिसायचे. कसे निवांत धरून बसलेत. रोज धरतायत, सकाळी सहापासून. आणि माझे हात नूडल्स लाटतायत. मी देवाला विचारायचे, हिला तीन नाती आधीच आहेत, हिला चौथी कशाला. जेवताना घास उतरायचा नाही. असला मत्सर मला तरुणपणीही कधी झाला नव्हता, आणि तेव्हा मोझवर दोघींचा डोळा होता.

जानेवारीत एका मंगळवारी मी शिवणाची कात्री घेतली आणि तुम्हाला कापून टाकलं. घाईनं नाही. एफीच्या कडेकडेनं, गोधडीचा तुकडा कापावा तसं, नीट. एफी एकीकडे आली, हात एकीकडे पडले. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, विहीणबाई. दिवसभर मी गाणं गुणगुणत होते, भजनांच्या पुस्तकातलंच. दुसऱ्या दिवशी तुम्हाला ते फ्रॉकचं आणि खळीचं पत्र लिहिलं.

मग तुमचं पत्र आलं, की तुम्ही येताय. आता मला सांगा, तुमच्या हातातून मी एफीला कोणत्या तोंडानं घेऊ?

सात एप्रिलच्या रविवारी सभेत प्रत्येकाला विचारतील, देवाशी शांती आहे का, माणसांशी आहे का, नियमांशी एकमत आहे का. चाळीस वर्षं मी ‘हो’ म्हणत आले आणि लगेच स्वयंपाकाच्या विचाराला लागले. आता ‘हो’ म्हटलं तर तेच खोटं तोंडात घेऊन प्रभूची भाकर खायची. ते माझ्यानं होणार नाही. आणि ‘नाही’ म्हटलं तर सगळ्या मंडळीचं प्रभुभोजन थांबतं. तुम्ही तान्ह्या मुलीला घेऊन दोन हजार मैल याल, लीवाय येईल, आणि म्हातारीपायी ताट उचललं जाईल.

मंडळीत कबुली ऐकून घेणाऱ्या डीकनकडे जायचंच आहे. पण अपराध तुमचा केलाय, तेव्हा आधी तुम्हाला. मला माफ करा. करता येत नसेल तर तसं लिहा, पण सात तारखेच्या आत लिहा. तुमच्याशी शांती नसताना मी ‘आहे’ म्हणणार नाही.

सलोमा

*

मोंटाना
२५ मार्च

सलोमाबाईंना,

तुमचं पत्र मी एकटीनं वाचलं. लीवायनं नेहमीप्रमाणे जेवणानंतर मोठ्यानं वाचायला मागितलं. मी दिलं नाही.

फोटोचं मला ठाऊक होतं. कॉनीबाई हातमोज्यांचं निमित्त करून आत आल्या आणि त्यांनी फोन वर धरला, ते मी पाहिलं. मला उठून आत जाता आलं असतं. मी फक्त चेहरा वळवला, म्हणजे नियम मोडला असं मला कुणी म्हणू नये. आणि एफीला उजेडाकडे करून पुढे, थोडं उंच धरलं. तुम्ही लिहिलंत ना, बाळाला असं धरू नये. बरोबर आहे. एरवी मी तसं धरत नाही.

हे मी तुमची दया येऊन केलं, असं लिहून एक कागद संपवला होता. तो फाडला. ती कुणाच्या मांडीवर आहे ते तुम्हाला दिसावं, म्हणून केलं.

तुम्हाला वाटेल, हिला काय कमी आहे. दर दहा-बारा दिवसांनी तुमचं पत्र येतं. लीवाय ते वाचतो. बार्बरा हसून हसून टेबलावर डोकं टेकते. तुमच्या घोड्यांच्या, नातवांच्या, मोझभावांच्या गोष्टी ती आठवडाभर सांगत राहते. तिला मी वाढवलं, सलोमाबाई. माझ्या कुठल्याही बोलण्यावर ती अशी हसल्याचं मला आठवत नाही. आता तुमच्या पत्राचा कागद उलगडल्याचा आवाज आला की एफी हातपाय हलवायला लागते. मी शुद्ध लिहिते, वळणदार लिहिते, आणि माझं पत्र कुणी दुसऱ्यांदा वाचायला मागत नाही. तुमची सहा आठवडे पत्रं आली नाहीत तेव्हा घरात सगळे विचारत होते. मला बरं वाटत होतं. तुम्ही दिवसभर गुणगुणलात, मी सहा आठवडे.

मी तुम्हाला माफ केलं आहे. तुम्ही मला करा. काल मी आमच्या डीकनकडे जाऊन आले. त्यांना वाटलं मी नव्या शाळेबद्दल बोलायला आले आहे.

एक विचारायचं राहिलं. कापलेल्या हातांचं काय केलंत?

ड्रुसिला

*

होम्स काउंटी, ओहायो
४ एप्रिल

ड्रुसिला विहीणबाईंना सलोमाचा मनापासून सलाम.

तुमचं पत्र सोमवारी आलं. केलं माफ, टपालपेटीपाशीच केलं, घरापर्यंतही थांबले नाही. आणि खरं सांगू का, बार्बराचं वाचून मी आधी फुलून गेले आणि मगच मला तुमचं वाईट वाटलं. हेही सांगून टाकते, उगाच पुन्हा साठायला नको.

आता सगळं ओळीनं सांगते. मंगळवारी सकाळी मोझना समोर बसवून ओरडून सगळं कबूल केलं. योडरांनीही ऐकलं असणार, तेवढीच पुढची मेहनत वाचली. मला वाटलं हे रागावतील. ते उठून चष्मा घेऊन आले. मग म्हणाले, ‘जाळायच्या आधी मला एकदा दाखव.’ मी म्हटलं, अहो, मग तुमच्याही माथी पाप. ते म्हणाले, ‘बायकोनं चूल पेटवली तर नवरा शेकायला बसतोच.’ चष्मा लावून खूप वेळ बघितला. परत देताना एवढंच म्हणाले, ‘कान माझे आहेत.’ मग मी चुलीत घातला. लगेच काळा झाला. मी रडले, पण वाटलं होतं त्याहून कमी.

बग्गी जुंपून इमॅन्युएलकडे गेले, आमचा डीकन तो. घोड्याला नाल ठोकत होता. मी सांगत गेले, तो ठोकत गेला. त्यानं विचारलं, जाळलास का? म्हटलं, जाळला. सगळा? म्हटलं, सगळा.

घरी येताना अर्ध्या वाटेत तुमचा प्रश्न आठवला. घोडा तिथेच थांबवला. ते हात मी टाकलेच नव्हते. शिवणाच्या टोपलीत, शर्टांच्या बटणांच्या डबीत सरकवून दिले होते, आणि पार विसरले होते. म्हणजे पापाची कबुली द्यायला गेले आणि डीकनच्या दारात नवं खोटं ठेवून आले.

घरी येऊन डबी उघडली. बघू नये म्हटलं, तरी बघितलंच. तुमचे दोन हात, बाह्या, मनगटावरचा डाग, आणि मधे एफीच्या आकाराचं भोक. बाळ नव्हतं ना मधे, म्हणून मी पहिल्यांदाच नुसते हात बघितले. एक हात पाठीशी पसरलेला. मला वाटलं होतं तुम्ही नुसतं पुढे करून धरलंय, पण नाही, आधार होता. आणि दुसऱ्या हाताची बोटं वर उचललेली, खिडकीतला उजेड तिच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. मला खिजवायला धरलंत म्हणता, आणि ते करतानाही तुम्ही उजेड अडवत होता. हे सगळं चार महिने माझ्याच घरात होतं, आणि मी काय बघत होते तर खळी.

तेही जाळलं. ते जाळताना जास्त रडले, का ते मला विचारू नका.

काल पुन्हा इमॅन्युएलकडे. दुसऱ्या घोड्याचा नाल. मी हातांचं सांगितलं. त्यानं हातोडी खाली ठेवली आणि म्हणाला, ‘सलोमा, अजून काही उरलंय का?’

मी म्हटलं, ‘मत्सर उरलाय थोडा. गेला असं म्हणेन तर तिसऱ्यांदा यावं लागेल.’

तो म्हणाला, ‘तो एका वेळी चुलीत मावत नाही. रोज सकाळी चूल पेटवतेस ना, तेव्हा रोज थोडा घाल.’

रविवारी उपासना संपली की सभासदांसमोर बसून मला कबुली द्यायची आहे. गुडघे टेकवायला लावणार नाहीत, माझी मीच आले म्हणून. भीती वाटते, पण आता घास उतरतो. आज मी ओट शिजवून खाल्ले. विचारतील तेव्हा ‘हो’ म्हणता येईल. नुसतं सवयीनं नाही, हो म्हणजे हो.

पाळणा माळ्यावरून काढला, घासला. तेरा जणांनी त्याच्या कडा चावून ठेवल्या आहेत, एफीला करमेल. तुमच्यासाठी दक्षिणेकडची खोली केली आहे. आल्या आल्या पहिला तास एफी माझ्याकडे, हे आताच सांगून ठेवते. घड्याळ लावून एक तास. मग तुमची.

आणि एकवीस तारखेचं. भाकर नि द्राक्षरस झाला की बायका जोडीजोडीनं एकमेकींचे पाय धुतील. शेजारी जी बसली असेल ती जोडीदारीण, तेव्हा बाकावर माझ्या शेजारी बसा, कुणी म्हणेल इकडे या तरी उठू नका. आधी मी तुमचे धुणार. तेवढ्या वेळात एफीला कुणी ना कुणी घ्यायला पुढे येईल, माझ्या तीन सुना टपलेल्या आहेत. देऊ नका. तुम्हीच धरून बसा. गुडघे धड नाहीत माझे, पण बादलीपाशी वाकलेली असताना मान वर करून बघता येईल. तुमचे हात आणि त्यांत ती, मी कापायच्या आधी होतं तसं, सगळं एकत्र.

ते बघायला कुठला नियम आड येत नाही. मी इमॅन्युएलला विचारून घेतलंय.

तुमची वाट बघणारी,
सलोमा